घाईचा धूर

प्रिय गोगलगाय,

आई दुपारचं जेवत नाही. डॉक्टर म्हणतात दात ठीक आहेत, पोट ठीक आहे. ताट पुढ्यात ठेवलं की ती मागच्या खोलीच्या बंद दाराकडे बघते आणि ताट हळूच बाजूला सरकवते. हाताची हाडं दिसायला लागलीत. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचताना तुला वाटेल ताईचं डोकं फिरलं. मी तुला सिगार कशी निवडायची आणि कशी ओढायची ते सांगणार आहे. पत्र फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड.

तुला हा वास सहन होत नाही हे मला ठाऊक आहे. बाबांना पोचवून आल्यावर तू उंबऱ्यातच म्हणाला होतास की ज्याने त्यांचा घसा खाल्ला ते सिगारचं दुकान जाळून टाक. मी जाळलं नाही. सकाळी शटर वर करते, काउंटर पुसते, देवदाराच्या कपाटातल्या वाटीत पाणी घालते. तंबाखूचं पान कोरडं पडलं तर चुरा होतं, फार ओलं झालं तर बुरशी धरतं. दोन्हींच्या मधे ठेवायचं एवढंच आपलं काम, असं ते म्हणायचे. नवं गिऱ्हाईक आलं की माझ्या तोंडून त्यांचीच वाक्यं त्यांच्याच क्रमाने बाहेर पडतात. समोरच्या दुकानातला चष्मेवाला परवा ऐकता ऐकता माझ्या पाठीमागे बघायला लागला. मीही वळून बघितलं.

तर निवडताना सिगारभोवतीच्या कागदी पट्टीवर जाऊ नकोस. सोनेरी पट्टी बांधली म्हणून कोणी नवरदेव होत नाही. बोटांत धरून हलकेच दाब. कणकेसारखी दबली तर नको, पेन्सिलीसारखी लागली तरी नको. दबून परत वर आली पाहिजे. बाहेरचं पान एकसंध हवं, शिरा बारीक. नवखा माणूस काळं पान बघून घाबरतो आणि फिकट घेतो. रंगावरून स्वभाव कळत नाही, हे त्याला घरी गेल्यावर कळतं. दुसरी चूक म्हणजे बारीक सिगार उचलणं. बारीक म्हणजे सौम्य, असं वाटतं. उलट ती लवकर तापते आणि जीभ भाजते. पहिल्यांदा मध्यम जाडीची, आखूड घ्यावी. आणि उपाशीपोटी कधीच नाही. तो तालेवार वकील आठवतो? बाबांचं न ऐकता उपाशीपोटी, छाती भरून ओढली आणि आपल्याच काउंटरला धरून खाली बसला. बाबांनी त्याला साखरेचं पाणी दिलं आणि म्हणाले, साहेब, धूर तोंडापुरता ठेवायचा. पोटात ठेवायला तुमच्याकडे पक्षकारांची गुपितं आहेत.

तोंडाकडच्या टोकाला पानाची लहानशी टोपी चिकटवलेली असते. कापायची ती फक्त टोपी, टोक जिथे सरळ होतं त्या खांद्याच्या खाली जायचं नाही, नाहीतर सगळं पान सुटून हातात येतं. काडी ओढलीस की तिच्या गंधकाचा वास जाऊ दे, मग ज्योत जवळ ने, पण टेकवू नकोस. टोक फिरवत राहायचं. चारी बाजूंनी लाल झालं की मग पहिला झुरका. बाबा त्या वेळी डोळे मिटायचे. आपल्याला वाटायचं झोपले.

मागची खोली तशीच आहे. हिरवा पडदा, त्यांची खुर्ची, टेबलाच्या कडेचा तो काळा डाग. जेवणाआधी ते आत जाऊन दार लावून घ्यायचे, बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकून. बाहेर स्टुलावर आई मटार सोलत बसायची. धूर नको म्हणून दार बंद, आणि सोबत हवी म्हणून स्टूल दाराला चिकटून. तिने आयुष्यभर त्या वासाला नावं ठेवली. पडदे नासले, कपडे नासले, तुमच्यामुळे मला सगळे विडीवालीण म्हणतात. आतून एक खोकला यायचा. तेच उत्तर. शेवटी ते दारावर बोटाने टकटक करायचे आणि आई ताटं घ्यायची. दोघांचा संसार मला आठवतो तो असा, मधे एक दार घेऊन.

ते गेल्यावर बरेच दिवस पडद्याला वास होता, आणि तोवर आई जेवत होती. आपण त्याला धीर म्हणत होतो. आता वास विरला. ती स्टुलावर बसते, मटार सोलून होतात, टकटक होत नाही. ते गेले हे मी तिला सांगते. ती मान डोलावते, रडते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टुलावर येऊन बसते. दर वेळी तिला ते नव्याने कळतं. मी सांगणं सोडून दिलं.

मग मी त्यांच्या पेटीतली एक सिगार पेटवून आत राखदाणीत ठेवून आले. ओढणारं कोणी नसलं की सिगार थोड्या वेळात विझते. तेवढ्यात आई उठली होती, तिने ताटं मांडली होती. वास तुटला तशी ती परत बसली. दुसऱ्या दिवशी मी स्वतः आत गेले. दार लावलं, त्यांच्या खुर्चीत बसले आणि ओढली. खोकला आला तो गिळला. बाहेर मटार सोलण्याचा आवाज थांबला. मग आई म्हणाली,

"आत कोण आहे?"

आणि तिने बाहेरून कडी घातली. मी तिला दारातून ऐकत होते. ती पुढे आपल्या दुकानात जाऊन, तिथे आलेल्या चष्मेवाल्याला सांगत होती, "हे बाहेर गेलेत, आणि घरात कुणीतरी शिरलंय." त्याने येऊन कडी काढली. तो गेल्यावर मी आईला विचारलं, तुला कसं कळलं. ती म्हणाली, घाईचा धूर आहे, कडू. बरोबर होतं तिचं. भराभर ओढली की सिगार तापते आणि धूर कडवट होतो. हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगते. जिने कधी सिगार हातात धरली नाही तिला ते दाराबाहेरून कळलं.

माझ्याच्याने सावकाश होणार नाही. मी चालतेही धावत. आपल्या घरात सावकाश दोघंच होते. आईने तुझं नाव गोगलगाय ठेवलं ते तू दूध प्यायला दुपार लावायचास म्हणून, आणि प्रत्येक वेळी म्हणायची, गेला बापावर. म्हणून हे सगळं लिहिलं. तू ये. पुढून येऊ नकोस, गल्लीच्या दाराचं बाहेरचं कुलूप काढून ठेवीन, तिथून थेट मागच्या खोलीत ये. काहीतरी खाऊन ये. एक झुरका घे, मग हात खाली ठेव, आणि पुढचा घ्यायची आठवण झाली तरी थोडं थांब. राख आपोआप पडू दे. एकदा खोक. शेवटी चिरडू नकोस, ते कधी चिरडत नसत. ठेवून द्यायची, तिची ती विझते. मग दारावर टकटक कर. ज्याने त्यांना नेलं तेच तुझ्या तोंडाला लावते आहे, हे मला कळतं. ते ओढायचे त्या सिगारची पेटी एकच उरली आहे, त्यानंतर काय, ते माहीत नाही. आईने दार उघडलंच तर तिला कोण दिसेल, तेही माहीत नाही. मी तिच्या शेजारी दुसरं स्टूल टाकून बसेन. ताटं दोन घेईन. त्या टकटकीनंतर मलाही भूक लागेल असं वाटतं.

तुझीच, दाराच्या अलीकडची,
ताई