बिस्किट कुणी दिलं

मंगळवार, १२ मार्च

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तू, जावईबापू आणि आपली भिंगरी खुशाल असाल. माझे गुडघे अधूनमधून कुरकुरतात, बाकी ठीक. दोन वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट न उघडताच फाडलं नसशील, तर पुढे वाच.

आज माझं डोकं असं फिरलंय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय पाण्याचा घोटही उतरायचा नाही. मी लहान मुलांसाठी एक चित्रांचं पुस्तक केलं. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलीचं. दाणा पोटात गेला की तिचे ओठ कसे सुजतात, श्वास कसा अडकतो, मांडीत इंजेक्शन का द्यायचं, आणि 'मला चालत नाही' हे मोठ्यांना ठणकावून कसं सांगायचं. सोळा पानं. आठ महिने मान मोडून रंगवली.

आज संपादकबाईंनी बोलावलं. चहा मागवला. म्हणाल्या, "चित्रं सुरेखच आहेत हो, पण शेवट जरा गोड करू या. मुलगी धीर करते, एक दाणा तोंडात टाकते, आणि काहीच होत नाही! सगळा वर्ग टाळ्या वाजवतो."

मला वाटलं, थट्टा करताहेत.

"बाई, ती मरेल," मी म्हटलं.

"अहो, पुस्तकात कोण मरतंय? आणि ते इंजेक्शनचं पानही काढा, मुलं घाबरतात. एवढ्याशा दाण्याने काय होतंय? आमच्या लहानपणी नव्हती बाई असली थेरं."

थेरं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हे वाचून एखादं पोर खरंच धीर करेल. नाहीतर बाकावरचा दोस्तच त्याच्या तोंडात दाणा कोंबेल, टाळ्या वाजवायला! मी टेबलावरची चित्रं गोळा केली. चहाला हात लावला नाही. "या पुस्तकावर माझं नाव नको आणि आत माझी चित्रंही नकोत," असं सांगून उठले. दारापर्यंत पोचले तशा त्या मागून म्हणाल्या, "पण तुम्हाला एवढं लागायचं कारण काय?"

तशीच बाहेर पडले. जिन्याच्या पायरीवर बसले, चित्रं मांडीवर घेऊन. घाईत गोळा केलेली, सातवं पान वर आलेलं. त्यात मुलगी स्टुलावर चढून डब्यातलं बिस्किट चोरते.

ते पान संपादकबाईंनी सुचवलेलं नाही. ते माझं आहे. आणि ते खोटं आहे.

धाकटे, भिंगरीने त्या दिवशी डब्याला हात लावला नव्हता. तिला माझ्याकडे ठेवून तू बाजारात गेली होतीस. ती माझ्या शेजारी रंगवत बसली होती आणि मी शेंगदाण्याचं बिस्किट खात होते. मी तिच्यापुढे धरलं. म्हणाली, "मावशी, मला चालत नाही." मी म्हटलं, "तुझी आई उगाच बाऊ करते. एवढ्याशाने काय होतंय?" आणि अर्धं मोडून तिच्या हातात ठेवलं. मावशीचं ऐकणारी पोर ती. खाल्लं.

तू आलीस तेव्हा तिचे ओठ फुगले होते. इंजेक्शन तूच दिलंस; मी भिंतीला चिकटून उभी. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं, तिनेच डब्यातून घेतलं."

सूज उतरल्यावर तू तिला विचारलंस, "तू घेतलंस?" तिने माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षांची पोर. आणि मान हलवली. हो म्हणून.

मग तू तिला किती बोललीस! मला एवढंच म्हणालीस, की डबा वर ठेवता येत नव्हता का. तर मीच तुझ्यावर डाफरले, "पोरीला आधी वळण लाव." आणि दोन वर्षं रुसून बसले. गुन्हा माझा आणि रुसवाही माझाच! संपादकबाईंसमोर निदान 'मला चालत नाही' म्हणणारं पोर तरी नव्हतं. मला भिंगरीने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

घरी येऊन सातवं पान नव्याने काढलं. स्टूल गेलं, डबा गेला. मुलगी खाली बसलीये आणि एका मोठ्या बाईचा हात तिच्यापुढे बिस्किट धरतोय. नखांत रंग अडकलेला. पुस्तक दुसरीकडे नेईन. कुणी नाहीच छापलं, तर पानं घेऊन शाळाशाळांतून हिंडेन. पण तो हात बदलणार नाही.

माफ कर म्हणायला मला तोंड नाही. दारात उभं करायचं की नाही, ते तू ठरव. एकच कर. भिंगरीला जवळ घे आणि सांग, की तिने चोरी केली नव्हती. तिने 'चालत नाही' म्हटलं होतं, आणि तिचंच बरोबर होतं. हे मीच तिला सांगायला हवं, पण माझ्यावर तिने आता का विश्वास ठेवावा? तू सांगितलंस तर तिला खरं वाटेल.

तिच्या हातात ते बिस्किट ठेवणारी,
तुझी ताई