जुने स्प्रिंग परत बसवायला नेतोय

हितेश,

गाडी चोरीला गेलेली नाही, मीच नेली आहे. गोठ्यामागे तू काढून ठेवलेले तिचे जुने उंच स्प्रिंगही डिकीत टाकलेत. सावर्ड्याच्या गॅरेजात ते परत बसवून घेतो, चारपर्यंत येतो. तोवर दिशाला कळा सुरू झाल्या तर शेजारच्या काशीरामला हाक मार. त्याला जीप दारात तयार ठेवायला सांगितलंय.

काल मी तिला डॉक्टरांकडून आणताना पऱ्याच्या पाण्याजवळच्या चढावर गाडीचं पोट कातळावर असं आपटलं, की वाटलं पाताळातून कुणी दार वाजवतंय. तिने पोट धरलं ते घरापर्यंत सोडलं नाही. नववा महिना आहे, आणि दवाखान्याला जायला दुसरी वाट नाही.

चूक माझी आहे. कशेडी घाटात माझी एसटी घोरपडीसारखी रस्त्याला चिकटून वळायची, कारण मी तिच्या स्प्रिंगच्या कमानी खाली करून घेतल्या होत्या, असं तुला लहानपणापासून सांगत आलो. तू ते खरं धरून आपली गाडी खाली बसवलीस. अरे, त्या कमानींना मी कधी हातसुद्धा लावला नाही. भीतीने बैलगाडीच्या वेगाने हाकायचो, म्हणून ती नीट वळायची.

मला काय बोलायचं ते बोल, तिला काही विचारू नको. कालच सांगणार होतो, तिनेच अडवलं. म्हणाली, "आबा, राहू द्या. मुंबईची नोकरी सुटल्यापासून ते या गाडीपायी पहिल्यांदाच हसतायत."

आबा