गुलाबी पान

दि. ६ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी तुझा गुडघा कसा आहे ते कळव. तेल लावतोस का, हे तुलाच विचारण्यात अर्थ नाही, तुझ्या बायकोला विचारते.

आता बातमी, बसून वाच. आपल्या पशुवैद्यक विद्यापीठाचा माजी विद्यार्थ्यांसाठीचा सेवागौरव यंदा टायवाल्याला जाहीर झालाय. हो, तोच, तुझ्या खोलीत राहून तुझाच टॉवेल वापरणारा. फाटकाजवळचा रविवारचा मोफत दवाखाना म्हणे त्याने सुरू केला. तिथल्या पायऱ्या तू झाडल्यास, दूधवाल्यांच्या दारोदार तू फिरलास, आणि संस्थापक हा. पत्रक वाचून अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पण देव आहे म्हणायचा. जुनं औषधभांडार पाडलं, तिथली गाठोडी माझ्या अभिलेख कक्षात आली. तिसऱ्या गाठोड्यात तुमच्या दवाखान्याची गुलाबी पानं निघाली. नोंदवहीत कार्बन घालून लिहायचात ना, पांढरं पान वहीत आणि गुलाबी भांडारात? गाई दगावल्या त्या दिवशीचं पांढरं पान फाडलेलं होतं, वही तुझ्या ताब्यातली, म्हणून चौकशीत ठरलं की फाडलं तूच आणि दूधवालीच्या चार गाईही तूच मारल्यास. पदवीला महिना उरला असताना तुला काढलं. गुलाबी पान भांडारात आलंच नाही असं तेव्हा सांगत होते. आलं होतं रे. कुणी गाठ सोडून बघितलंच नाही. त्याच्या ठसठशीत अक्षरात दहापट मात्रा लिहिलीय, खाली ‘औषध मी दिले, वहीप्रमुख रजेवर’, म्हणजे तू रजेवर, आणि त्याची सही. वरचं फाडताना खालचं विसरला.

गौरवाच्या दिवशी सत्कारमूर्तीला त्याच्या विद्यार्थिदशेतलं एक पान देतात आणि तो ते व्यासपीठावर मोठ्याने वाचतो, ही इथली पद्धत तुला सांगितलीच आहे. कुणी नापास पेपर वाचतो, कुणी वसतिगृहातल्या ढेकणांची तक्रार. पान मी निवडते आणि आधी कुणाला दाखवत नाही. यंदा कोणतं निवडलंय ते तूच ओळख.

माया आहेच, ती पत्रातूनही पाठवत जा.
तुझी ताई

दि. १५ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

गुडघा बरा आहे. तुझं पत्र आलं तेव्हा एका गाईच्या पायाला पट्टी बांधत होतो. वाचता वाचता ती इतकी आवळली की तिने वैतागून लाथ घातली.

ताई, हे करू नकोस. मी त्याला माफ केलंय असं मात्र समजू नकोस. एकतीस वर्षं मी त्याला मनातल्या मनात रोज त्या दूधवालीसमोर उभा करतोय. पण तो पक्का आहे. डोळे पुसेल, तरुणपणची चूक म्हणेल, कबुलीवर टाळ्या घेईल आणि पुढच्या वर्षी प्रामाणिकपणाचाही गौरव लाटेल. मग मी काय करू? इथे गुरांच्या दवाखान्यात औषध मी देतो आणि सही डॉक्टर करतात. नोंदवहीत माझं नाव घालायला मला अजून भीती वाटते. जुनी खपली काढून ती त्याच्याच उपयोगी पडायला नको.

बायको तुझ्या बाजूने आहे, हे नाइलाजाने कळवतो.

आहे तो लोभ राहू दे, रागावलीस तरी.
तुझा धाकटा

दि. २२ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

कबूल करू दे की. टाळ्या त्याला, नाव तुझं मोकळं, मला चालेल. दार मी उघडंच ठेवतेय. आत यायचं की नाही ते त्याचं त्याने ठरवावं. मागच्या रांगांपर्यंत सगळं पोचेल अशी सोय दरवर्षी असते, ती यंदा मी जातीने बघणार आहे.

तुझ्या बायकोवर माझा लोभ आहे. तुझ्यावर विचार करून कळवते.
ताई

दि. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

झालं. मी पहिल्या रांगेत होते. तो निळा टाय लावून, नाकाने कांदे सोलत दवाखान्याच्या स्थापनेबद्दल वीस मिनिटं बोलला. मग त्याने पाकिटातून पान काढलं आणि ओळखलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

तारीख वाचली, गाई वाचल्या, मात्रा वाचली. तिथे थांबला, घोटभर पाणी प्यायला, आणि सरळ वाचलं की औषध वहीप्रमुखाने दिले, मी रजेवर होतो. वर म्हणाला की मित्राची ही चूक आपण इतकी वर्षं पोटात घातली, मैत्री हीसुद्धा सेवाच असते.

मागे बसलेल्या म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही, म्हणून सत्कारमूर्ती वाचत असताना तेच पान पाठीमागच्या पडद्यावर मोठं करून दाखवतात. हा याआधी एकाही सोहळ्याला फिरकला नव्हता, त्याला कुठून माहीत असणार. अख्खं सभागृह त्याच्या डोक्यावरून त्याचंच अक्षर वाचत होतं. एकही टाळी पडली नाही. लोक भारावले असं वाटून तो हसला. शेवटी कुलगुरूंनी पडद्याकडे बोट केलं. तो वळला आणि तसाच, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मानचिन्ह टेबलावरच राहिलं.

मला त्याची दया येईल असं वाटलं होतं. नाही आली. चहा दोनदा घेतला. कुलगुरूंनी पान ठेवून घेतलंय, चौकशी पुन्हा उघडतो म्हणाले आणि तुझा पत्ता मागितला. मी पाठ म्हणून दाखवला.

लोभ आहेच, आता तूही थोडा दाखव.
तुझी ताई

दि. १९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र चारदा वाचलं. तू त्याला दार उघडून दिलंस आणि त्याने ते स्वतःच्याच हाताने लावून घेतलं, यासारखं समाधान नाही. तो पाठमोरा उभा असतानाचा फोटो कुणी काढला असेल तर पाठव. मला तो बघायचाय, अगदी रोज.

आज सकाळी एक वासरू आलं. औषध दिलं, नोंद लिहिली. औषध देणाऱ्याच्या सहीची जागा मी नेहमी डॉक्टरांसाठी रिकामी सोडतो. आज तिथे मी माझी सही केली. त्याआधी पान उचलून बघितलं, खाली कार्बन होता.

असाच तिखट लोभ असू दे.
तुझा धाकटा