बटाट्याचे फेकलेले पाणी

माय, आज मी बाबांच्या पुढ्यातली वाढलेली वाटी उचलली. तू असतीस तर हातावर पळी बसली असती. जेवणाऱ्यापुढचे अन्न ओढायचे नाही आणि शिजवणातले पाणी फेकायचे नाही, हे तू मला अक्षरओळखीआधीच शिकवलेस. भात वेळून पाणी काढले की तू ती पेज वाटीत ओतायचीस, मिठाचा खडा टाकायचीस, आणि माझ्याकडून घोटभर सांडली की म्हणायचीस, "सत्त्व सांडून राह्यला तू, बापू." ते अजून ऐकू येते.

बाबांची मूत्रपिंडे कमजोर झाली आहेत, पाय सुजतात. डॉक्टर म्हणाले, बटाट्यात एक क्षार असतो. निरोगी माणसाच्या लघवीतून तो निघून जातो, यांच्या अंगात साचून काळीज बंद पाडू शकतो. आणि बाबांना तर बटाट्याचेच वेड. बाजारातून आणलेला निखाऱ्यात पुरून सालासकट खायचे. मी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून खात्री केली. भाजलेला बंद. साल काढून पातळ काप करायचे, भरपूर पाण्यात भिजवायचे, ते पाणी फेकून नव्या भरपूर पाण्यात शिजवायचे, तेही फेकायचे. मग थोडेसेच वाढायचे, तेही रोज नाही, मीठ नावापुरते. मी तसेच करतो.

आज नागभीडहून आत्याबाई आली. काप चुलीवर ठेवून मी विहिरीवर गेलो. परत येतो तर बाबांपुढे रश्श्याची वाटी, आणि त्यांचा घास उचललेला.

"आत्याबाई, बटाट्याचं पाणी कुठी टाकलं?"

"टाकू काऊन? त्याचाच रस्सा केला. भाऊ वाळून राह्यला, अन् तू सत्त्व मोरीत ओतून राह्यला!"

मी वाटी उचलली. बाबांचा हात तसाच अधांतरी राहिला.

"अरे, चोरबी ताटावरून उचलत नाई," ते म्हणाले.

"तुह्या मायनं असं केलं नसतं," आत्याबाईने डोळ्याला पदर लावला.

"त्याच्यातलं सत्त्वच बाबाले जहर आहे, आत्याबाई," मी म्हणालो. नवे बटाटे सोलले, सगळे पहिल्यापासून केले. ती शेजारी बसून पाहत राहिली. दुसरे पाणीही मोरीत ओतताना तिने तोंड फिरवले.

"सत्त्व गेलं, आता उरलं काय?"

"बटाटा," बाबा म्हणाले. "दिसाले तरी."

तेव्हा ती हसली, आणि तिनेच त्यांना वाढले.

माय, हे तुला पोचणार नाही, म्हणूनच स्पष्ट लिहितो. तुझ्या हातची वाटी असती तरी मी उचलली असती. यात मला शंका नाही. एवढेच कबूल करतो, की बाबांना असा बटाटा मुळीच आवडत नाही. मी समोर बसतो म्हणून ते शेवटचा काप संपवतात. हे मला कळते, आणि तरी मी समोरच बसतो.