दोन काळे रोल

३ फेब्रुवारी, सोमवार. दुपार.

आजपासून रोज लिहायचं ठरवलं आहे. बावीस वर्षं रबर शीटच्या दुकानात काढली. एवढं ज्ञान डोक्यात ठेवून मरायचं म्हणजे पाप. लोकांना वाटतं रबर म्हणजे खोडरबर. अरे, ट्रकच्या चाकामागे लोंबतो तो पडदा कशाचा? इलेक्ट्रिक पॅनेलसमोर माणूस कशावर उभा राहतो? मशिनखाली हादरे कोण खातं? जिममध्ये वजनं आपटतात ती कशावर? सगळा माल माझ्या हातून जातो.

आज मेव्हणा आला होता. हिचा धाकटा भाऊ. माल दाबायच्या मशिनच्या, म्हणजे प्रेसच्या कारखान्यात फिटर. प्रेसच्या गरम तेलाच्या पाइपच्या जोडात तेल गळू नये म्हणून गॅस्केट घालायचं होतं, त्यासाठी तेलात टिकणारी शीट हवी होती. दोन रोल शेजारी शेजारी उभे, दोन्ही काळेकुट्ट. एक तेलाचा, एक साधा. साध्याला टॅग कधी नव्हताच. तेलाच्याचा गेल्या आठवड्यात मीच फाडला, मागे जिमवाल्याचा नंबर लिहायला. मेव्हणा म्हणाला, भावोजी, खात्री आहे ना? नाहीतर आधी तुकडा तेलात ठेवून बघू. मी म्हटलं, माझा अंगठा लागला की रबर स्वतःहून नाव सांगतं. वासावरूनही कळतं, पण सर्दीने नाक बंद होतं. अनुभव उघडा होता. अर्धा मीटर कापून दिलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी अकरा.

गोठेवाला आला. गाईंचे पाय घसरतात म्हणून खाली अंथरायला साधी शीट. आज नाक मोकळं होतं, वासावरून साधा रोल ओळखून ओढला. त्याच्या टोकाला कालचा ताजा काप. तिरपा. मी नेहमी तिरपंच कापतो, मालक त्यावरून बोलतात. मग तेलाचा रोल बघितला. त्याला कात्री लागलेलीच नाही.



साडेअकरा.

शांतपणे विचार केला. साधं रबर तेलात फुगतं, मऊ पडतं, जोडातून बाहेर येतं. मग गरम तेलाची पिचकारी. प्रेसशेजारी दिवसभर उभा कोण? मेव्हणा. पण हे सगळं पुस्तकातलं. प्रत्यक्षात होईलच असं नाही.

संध्याकाळ.

फोन हातात घेतला होता. पण अशा बातमीने माणूस घाबरतो. घाबरलेल्या फिटरच्या हातून भलतंच काहीतरी होईल. केवळ त्याच्या काळजीपोटी फोन केला नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार.

शास्त्रीय पद्धतीने जायचं ठरवलं. साध्या रोलचा तुकडा घरी आणला, बरोबर तीस मिलिमीटर. स्टीलच्या वाटीत, हिच्या शिलाई मशिनच्या तेलात बुडवला. वाटी चपलांच्या स्टँडमागे. फुगला नाही तर विषय संपला. फुगणार नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळ.

बत्तीस. पट्टी जुनी आहे, कडा झिजल्यात.

संध्याकाळ.

चौतीस. शिलाईचं तेल हलकं असतं. कारखान्यातलं तेल चांगल्या प्रतीचं. चांगल्या तेलात कमी फुगत असणार.

हिने विचारलं, माझी तेलाची बाटली अर्धी कशी झाली? सांगितलं, दाराच्या बिजागरीला घातलं. तिने दार उघडून पाहिलं. दार चांगलं लांबलचक कुरकुरलं. ती दार लावून आत गेली. सुटलो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.

छत्तीस. मनाचा हिय्या करून मेव्हण्याला फोन लावला. छाती अशी धडधडत होती की समोरच्या गिऱ्हाइकाने वर पाहिलं. विचारलं, सगळं ठीक ना? तो म्हणाला, ठीक. मग म्हणाला, तुमचं काय विशेष? म्हटलं, काही नाही, सहज. तो म्हणाला, काहीच नाही? म्हटलं, सर्दी बरी आहे. आणि ठेवला.

ठीक म्हणाला म्हणजे ठीक. त्या आनंदात चार घास खाल्ले. ते नीट खाली उतरले नाहीत.

दुपारी आगीचा बंब घणघणत रस्त्याने गेला.  कुठल्या दिशेला वळतो ते बघायला चौकापर्यंत धावलो. डावीकडे वळला. कारखाना उजवीकडे. देव आहे. मालकांनी विचारलं, हे काय चाललंय? म्हटलं, डॉक्टरांनी पळायला सांगितलंय.

८ फेब्रुवारी, शनिवार.

एक बाई दाराखालच्या फटीला लावायला रबराची पट्टी मागत होत्या. मी विचारलं, तुमच्या घरात तेल किती तापतं? बाई निघून गेल्या. मालक म्हणाले, डोकं ठिकाणावर आहे का?

मालकांना सांगून टाकावं असं दोनदा आलं मनात. पण मग नोकरी गेली. बावीस वर्षांची पत मातीत. शिवाय लोकांचा रबरावरचा विश्वास उडेल तो वेगळाच. माझ्या एकट्यापायी अख्ख्या धंद्याचं नुकसान नको.

घरी हिने विचारलं, मला काही सांगायचंय का? म्हटलं, नाही. पुन्हा म्हणाली, माझ्या भावाबद्दल काही? हिला मेलं काहीही सुचतं. म्हटलं, तुझा भाऊ ठणठणीत आहे, कालच बोललो. ती कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

सोमवारी जाणार म्हणजे जाणार. काळ्या दगडावरची रेघ.

९ फेब्रुवारी, रविवार.

कारखान्याला सुट्टी. आजच्या दिवस तरी त्याला धोका नाही. आठवड्याचे सातही दिवस रविवार असते तर माझ्याइतका सुखी माणूस नसता.

एकोणचाळीस. तुकडा बोटाने दाबला तर खड्डा पडला, तसाच राहिला.

भीती वाटते. आठवडाभर हा शब्द लिहायचा टाळला. फार भीती वाटते. त्याची पोरगी दोन वर्षांची आहे. मला आतोबा म्हणता येत नाही तिला, नुसतं 'बा बा' करत गुडघ्याला मिठी मारते.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी नऊ.

निघतोय. आधी फक्त दुकान उघडून देतो.

साडेदहा.

एका ट्रकवाल्याला चाकामागचे पडदे कापून देतोय. हे झालं की लगेच. घाईत काम बिघडतं, हा धडा मी घेतलेला आहे.

बारा.

एक माणूस फाटलेलं गॅस्केट नमुन्याला घेऊन आला. आमच्या दुकानातलं नव्हतं. मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी. विचारलं, हे कशाने? हातातलं गॅस्केट वर करून म्हणाला, या चोराने. कात्री तिथेच टाकली.

संध्याकाळ.

फाटकातून बोंबलतच आत शिरलो, प्रेस बंद करा, प्रेस बंद करा! प्रेस बंदच होती. जेवणाची सुट्टी. दहा-बारा माणसं डबे उघडून बसलेली, सगळी माझ्याकडे बघतायत. मेव्हणा उठून आला. मी एका दमात सगळं ओकलो. रोल, टॅग, सर्दी, वाटी. रडू यायला लागलं होतं.

त्याने पाणी दिलं. म्हणाला, ते गॅस्केट गुरुवारीच काढलं. ताईने तेलाची वाटी बघितली, आत फुगलेलं रबर, मला फोन केला. त्याच संध्याकाळी प्रेस थांबवून जोड उघडला. दुसरीकडून शीट आणून बसवली.

मी म्हटलं, अरे मग शुक्रवारी फोनवर बोलला का नाहीस? माझा जीव टांगणीला लागला होता!

म्हणाला, तुम्ही बोलाल म्हणून थांबलो. ताईसुद्धा थांबली होती. आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता.

जोड उघडला तेव्हा ते अर्धं बाहेर आलं होतं म्हणे. शुक्रवारची पाळी काही ते टिकलं नसतं.

मी म्हटलं, पण मी आलो की नाही शेवटी?

हो, म्हणाला, आलात. आज सोमवार आहे, भावोजी.

तेवढ्यात भोंगा झाला. त्याने मला बाजूला व्हायला सांगितलं आणि प्रेस सुरू केली.

आता कोणालाच कसला धोका नाही.