टेकडीला वाढलेलं ताट

मॉर्गन हिल, २ एप्रिल १९८८

चि. अन्सेल्मोस,
दातओठ खाऊन आशीर्वाद.

मी शाळेतून निवृत्त झाले त्याची भेट म्हणून तू आईच्या टेकडीवर ट्रकभर शेणखत पसरून गेलास! गोठ्यात वाढलास, म्हणून शेणाने सुधारत नाही अशी जमीनच नसते असं तुला वाटतं. अरे शहाण्या, तो सापखडक आहे, सापाच्या कातडीसारखा हिरवा दगड. तिथल्या हिरवट, उपाशी मातीत दुसरं काही तगत नाही, म्हणून तर आपलं सुरईफूल जगतं. आता गवत माझ्या कमरेला लागलंय आणि खाली ती इवली जांभळी फुलं गुदमरताहेत. ही रोपं वर्षभराचीच. यंदा बी धरलं नाही तर संपलं. पलीकडची टेकडी बंगल्यांखाली गेली, आता हीच काय ती उरली.

गुडघ्यांवर बसून गवत उपटतेय. लहानपणी नन्सनी प्रार्थनेसाठी लावलेली सवय आत्ता कामी आली. पण हात पुरत नाहीत रे. काहीतरी कर.

संतापलेली, तरी तुझीच,
फिलोमेना


लोस बान्योस, ६ एप्रिल

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र ल्युसिंडाला वाचून दाखवलं. नवऱ्याला शिव्या बसल्या की ती खूश. म्हणाली, बायबलातसुद्धा एवढे शाप नाहीत.

ताई, आईने दारात आलेल्याला कधी उपाशी परत पाठवलं नाही. मला ती टेकडीच उपाशी दिसली गं. खत आता उचलता येत नाही, पण गवत खाणारी तोंडं माझ्याकडे आहेत. रविवारी कालवडी घेऊन येतो, कुंपण उघडून ठेव. त्या फुलं सोडतील, असं वचन मात्र देववत नाही.

रागातही मला जेवू घालशील या भरवशावर,
अन्सेल्मो


मॉर्गन हिल, २० मे

चि. अन्सेल्मोस आशीर्वाद.

तुझ्या कालवडींनी गवत फस्त केलं आणि फुलंही. एकच रोप वाचलं, तेही मी आईचं स्टूल घेऊन त्याच्यापुढे ठाण मांडलं म्हणून. तुझ्या त्या तांबडीने माझी मान चाटली, टोपी खाल्ली. मी हलले नाही.

काल त्याला शेंगा धरल्या. दोऱ्यासारख्या बारीक, अजून कच्च्या. वाळून फुटेपर्यंत मी इथून उठणार नाही. ल्युसिंडाच्या हातचा डबा घेऊन ये. पण त्या मातीवर एक शीतही सांडलंस, तर याद राख.

वाट पाहणारी,
ताई