मेजरसाहेबांचं टू-टू

११ ऑगस्ट १९९६, रविवार

आज सकाळी सव्वादहाला माझं आयुष्य बदललं. वेळ नक्की ठाऊक आहे, कारण मी रेंजवरच्या घड्याळाकडेच बघत होतो, कधी एकदा सुटतोय असं झालेलं! सांगलीच्या रायफल क्लबात मला आबांनी घातलं ते काही हौसेनं नाही. 'कालेज सोडलंस, आता निदान सोप्यात पसरू नगंस' म्हणून. दोन आठवडे छऱ्याच्या बंदुकीनं कागद फाडत होतो.

आणि शेवटच्या लेनवर ती येऊन उभी राहिली. चारुशीला. वाईची. मिरजेला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करते. वडील घाटावर पूजा सांगतात — आणि पोरगी पिस्तूल चालवते!

क्लबात शिकवणाऱ्या चिंतामणसरांची शिट्टी. हात वर, एक गोळी, हात खाली. पुन्हा शिट्टी. अशा पाच. पाचही कागदावरच्या काळ्या गोलात! मी तोंड उघडं टाकून बघतोय. ती वळली आणि म्हणाली, "बघून येत नाही. धरा."

सरांनी एकच गोळी भरून दिली. सर फौजेतले निवृत्त हवालदार, अंगावर येतात लगेच. पण उभं कसं राहायचं ते दाखवलं. फट्! दहा! पहिल्या गोळीला दहा!

सर म्हणाले, "चुकून लागली." ती म्हणाली, "चुकून तर चुकून, लागली ना?"

पिस्तूल धरलं तेव्हा हात थरथरला नाही. ती हसली तेव्हा थरथरला. लिहून ठेवतो.

१४ ऑगस्ट

झोप नाही. जेवण नाही. पिस्तूल पाहिजे. स्वतःचं!

क्लबात टू-टूचं, म्हणजे पॉइंट बावीस बोअरचं, पिस्तूल एकच, तेही म्हातारं. दुसरी गोळी वर चढताना अडकतं. दहा सेकंदांत पाच गोळ्या मारायच्या, आणि हे मध्येच खोकतंय. काल माझ्या पाळीला तीनदा अडकलं, मी आवाज अडवायचे कानावरचे डबे काढून भिंतीवर फेकले. सरांनी मला आठवडाभर रेंज बंद केली. "हत्यार बिघडलं तर दुरुस्त होतं," म्हणाले. आणि डबे उचलून माझ्या हातात दिले.

फेब्रुवारीत पुण्याला राज्यस्पर्धा. चारुशीला जाणार. मी पण जाणार! जाणारच!

२५ ऑगस्ट, रविवार

रेंज सुरू. लायसनचा अर्ज टाकला. आता घ्यायचं कुठलं?

नवं परदेशी आमच्यासारख्याला मिळत नाही. मागवायची परवानगी नावाजलेल्या नेमबाजांना. छऱ्याचं पिस्तूल बिनलायसनचं आणि स्वस्त, पण एक बार काढला की पुन्हा भरा. त्यात मला पाहिजे ती मजा नाही. फट्-फट्-फट्, आपोआप पुढची गोळी वर, ते पाहिजे! म्हणजे राहिलं वापरलेलं. कुणा फौजी अधिकाऱ्याचं, नीट ठेवलेलं.

आबांचं वेगळंच. फौजेत सुभेदार होते, पण आता डोळ्यापुढं पंचायत समितीची निवडणूक. "घ्यायाचंच तर सरकारी कारखान्यातलं बत्तीस बोअरचं घे. कमरंला लावलं की दिसलं पायजे! ह्ये टू-टू म्हंजे चिमण्या मारायचं." लालाकाका — आबांचे धाकटे भाऊ, ऊस तेच बघतात — लगेच, "व्हय व्हय, देवळाफुडं बार काढला तर आवाज गावभर गेला पायजे!"

आबा, मला आवाज नको. मला भोक पाहिजे. कागदाच्या बरोब्बर मधोमध!

सरांना विचारलं. म्हणाले, "पिस्तूल बघून घेऊ नको, धरून घे. डोळे मीट, हात वर कर, डोळे उघड. नळीच्या टोकाची माशी मागच्या खाचेत मधोमध दिसली तर ते तुझ्या हाताचं. नाहीतर सोन्याचं असलं तरी ठेव खाली." मग बोलता बोलता, "साताऱ्यात सदरबझारला एका मेजरसाहेबांच्या पत्नीकडे आहे एक..." आणि मध्येच जीभ चावली. "पण ते राहू दे सध्या."

का राहू दे?

८ सप्टेंबर, रविवार

राहू दिलं नाही! सकाळची येष्टी, कराडला बदली, साडेदहाला साताऱ्यात!

विजयमालाबाई. सत्तरीच्या. मेजरसाहेब जाऊन चार वर्षं झाली, पिस्तूल बाईंनी स्वतःच्या लायसनवर घेतलंय. आधी मला हात धुवायला लावले. मग चहा. मग कुठं कपाट उघडलं. पिस्तूल रिकामं असल्याचं उघडून दाखवलं, मगच हातात दिलं.

इटालियन! लांब नळी, अक्रोडाची मूठ, घासून घासून गुळगुळीत झालेली. डोळे मिटले. हात वर केला. डोळे उघडले.

माशी मधोमध!! जणू माझ्या डोळ्याची वाट बघत बसली होती! ट्रिगर असा, की बोट नुसतं मनात आणलं तरी सुटेल. आणि किंमत? नव्या बुलेटपेक्षा कमी! आबा ऊसबिलातून देतील, नाही दिले तर माझी मोटारसायकल विकतो.

बाई म्हणाल्या, "विचारून बरेच गेलेत. पण माझ्याकडे ज्याचा इसार त्याचा माल. इसार घेतला की मी शब्द फिरवत नाही."

खिशात येष्टीपुरतेच होते. बोटातली अंगठी काढून टेबलावर ठेवली. आजोबांची. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "नेहमी असंच करता का तुम्ही?" "असंच म्हणजे?" "विचार न करता." मी म्हणालो, "विचार ऑगस्टातच झालाय!"

हसल्या. चिठ्ठी लिहून दिली. "लायसन दाखवा, पैसे द्या आणि न्या. जानेवारीअखेर मी पुण्याला मुलाकडे जातेय कायमची. त्याच्या आत."

येताना येष्टीत उभा होतो. बसवतंय कुणाला!

१० सप्टेंबर

चारुशीलाला सांगितलं. सगळं — मूठ, माशी, ट्रिगर. हातवारे करून! ती बराच वेळ हातातल्या गोळ्या मोजत होती. मग विचारलं, "इसार दिलास?" "दिला!" "मग झालं."

तिला आनंद असा पटकन दाखवता येत नाही. मला कळतं.

सर मात्र भडकले. "राहू दे म्हणालो होतो ना मी?" का भडकायचं? माल काय कुणाच्या नावाचा होता का!

१ ऑक्टोबर

आज ती माझ्यामागं उभी राहून म्हणाली, "श्वास सोड, मग थांब." श्वास सोडला. पुढचा घ्यायचाच विसरलो.

२० ऑक्टोबर, खंडेनवमी

घरात शस्त्रपूजा. पणजोबांची तलवार, दोन भाले, कोयते, उसाच्या खुरप्या. पिस्तूल नाही, तर लालाकाकांनी विजयमालाबाईंची चिठ्ठीच तलवारीपुढं ठेवली आणि वर हळदकुंकू वाहिलं! आई म्हणाली, "कागदाची पूजा करून बंदूक येती व्हय?" मग माझ्या बोटाकडे बघितलं. अंगठीचं अजून विचारलेलं नाही. विचारणार.

रेंजवर सहापैकी पाच वेळा शंभरात नव्वदच्या वर. चारुशीलाच्या पाळीला क्लबचं पिस्तूल दोनदा अडकलं. तिनं नुसतं खाली ठेवलं, डोळे मिटून उभी राहिली, पुन्हा उचललं. मी असतो तर भिरकावलं असतं!

तिला म्हटलं, "माझं आलं की तूही मार त्यानं." म्हणाली, "बघू."

२७ नोव्हेंबर, बुधवार

आज चौकशीला पोलीस ठाण्यातले जमादार आले. लायसनसाठी माणूस कसा आहे ते विचारून लिहून न्यायचं असतं. आबांनी सकाळीच बोकड पाडलेला. चौकशी म्हणजे काय, पाव्हणचारच! मी धुतलेला शर्ट घालून कोपऱ्यात, एकदम गरीब गाय.

जमादारांनी वही काढली. "पोरगं सोभावानं कसं हाय?"

आबा खाकरले. बोलणार, तेवढ्यात लालाकाका!

"आवं जमादार, इचारूच नगा! वाघ हाय वाघ! पाळण्यात हुता तवा सुईणीच्या बोटाला चावला!"

जमादार लिहितायत.

"कालेजात मास्तर आमच्या गावावरनं वंगाळ बोलला, तर टेबल उचाललं की ह्यानं! मास्तर खिडकीतनं पळाला! कालेज सोडलं, पन माफी मागितली न्हाई!"

"आनि?" — जमादार, मान वर न करता.

"आनि येष्टीचा कंडक्टर! सुट्ट्यावरनं आय-मायवर गेला, तर ह्यानं कालर धरून उतरिवला त्येला, वाटंतच! आमच्या भावकीत हत्यार कुनाच्या हातात शोभंल तर ह्येच्याच!"

आबांनी काकांच्या पायावर पाय दिला. काकांना वाटलं, आणखी सांग म्हणतायत. आणखी सांगितलं!

जमादारांनी दोन वेळा रस्सा मागून घेतला. सही घेतली काकांची. काकांनी ती अशी झोकात केली, की जणू माझ्या लग्नाची यादी आहे.

९ डिसेंबर, सोमवार

अर्जाचं उत्तर आलं. 'अर्जदार शीघ्रकोपी असून शस्त्र बाळगण्यास अयोग्य.'

लालाकाका वाचून पांढरे पडले. "मी तर कवतिक केलं रं!"

मी बादली विहिरीत फेकली. मग पोहरा. मग माझी मलाच लाज वाटली आणि दोन्ही काढायला उतरलो. गार पाणी! शीघ्रकोपी म्हणे!

२३ डिसेंबर

आशा आहे! आबा कारखान्याच्या एका बड्या माणसाला भेटून आले. कलेक्टर कचेरीत पुन्हा सुनावणी, १३ जानेवारीला. वर शब्द गेलाय. फक्त काकांनी एक कागद द्यायचा — 'मी त्या दिवशी दारूच्या नशेत होतो, बोललो ते सगळं खोटं.' मग मंजूर! लगेच साताऱ्याला! पिस्तूल! पुणे! ती!

काकांच्या गळ्यात चाळीस वर्षांची तुळशीची माळ. दारूच्या थेंबाला कधी शिवलेला नाही माणूस. मग म्हणाले, "दे हिकडं. तुज्यासाठी प्यालो आसं लिवून देतो, गड्या."

मिठीच मारली काकांना!

५ जानेवारी १९९७, रविवार

साताऱ्याला गेलो, बाईंना सांगायला की आठवडाभरात लायसन येतंय. उड्या मारतच गेलो!

बाई म्हणाल्या, "आलं तर उत्तमच. नाही आलं तर ज्या मुलीला हवं होतं तिला देईन. त्याची काळजी नको."

कुठली मुलगी?

"येते दोन वर्षांपासून. लायसन हातात आहे, पैसे जुळत नव्हते. इसार का नाही देत विचारलं, तर म्हणाली, सगळे जमल्याशिवाय शब्द देणार नाही. प्रत्येक वेळी यायची, पिस्तूल पुसायची, तेल द्यायची, ठेवून जायची. दिवाळीत पूर्ण पैसे घेऊन आली बिचारी. मी म्हटलं, बाळ, सप्टेंबरातच इसार घेतला गं मी."

मी नाव विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"वाईची आहे. चारुशीला."

चहा तसाच राहिला.

७ जानेवारी

मिरजेला तिच्या दवाखान्याबाहेर उभा राहिलो, ती सुटेपर्यंत. "सांगितलं का नाहीस?" मी ओरडलोच. रिक्षावाले बघायला लागले.

ती शांत. "तू विचारलंस कधी, मी कशानं मारते? कशानं मारणार आहे?"

नाही विचारलं. पाच महिन्यांत एकदाही नाही! रोज इथं तिचं नाव लिहिलं, आणि हे नाही विचारलं.

म्हटलं, उद्याच बाईंना सांगतो, इसार मागं घेतो, तू घे. ती एकदम चिडली. मी तिला चिडलेली पहिल्यांदा बघितली! "मला उपकाराचं नको. तू सोडलंस म्हणून घेतलेलं पिस्तूल माझ्या हातात स्थिर राहील का? प्रत्येक गोळीला तू आठवशील. लायसन मिळालं की घेऊन जा, तुझा हक्क आहे. नाही मिळालं तर मी माझ्या पैशानं घेईन. झालं."

मग म्हणाली, "आणि तू खरंच चांगला मारतोस. पुण्याला भेटूच."

चालत स्टेशनापर्यंत आलो. प्रत्येक गोळीला मी आठवीन! मला तर तेच पाहिजे होतं!

१२ जानेवारी

काका सकाळपासून माळेवरनं हात फिरवतायत.

१३ जानेवारी, सोमवार

कलेक्टर कचेरी, सांगली. नाव पुकारलं. काकांच्या हातातला कागद मी घेतला. म्हटलं, "तुमी बाकड्यावर बसा, मीच देतो." घडी घालून खिशात ठेवला.

साहेब म्हणाले, "हा जबाब काकांनी नशेत दिला, असं तुमचं म्हणणं आहे ना?"

म्हटलं, "नाही साहेब. काका पीत नाहीत. टेबलाचं खरं आहे. कंडक्टरचंही खरं आहे. सुईणीचं मला आठवत नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "अहो, तुमच्यासाठी वरून फोन आलाय. लायसन नको का तुम्हाला?"

"पाहिजे साहेब. लय पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग लिहिलं — नामंजूर. मी खाली सही केली. हात थरथरला नाही. आता चारुशीला स्वतःच्या पैशानं घेईल; तिला यातलं काही कळायचं नाही, हे फक्त इथं.

नमस्कार केला, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.